ओटीचे माजघर : उजेड, खिडकी आणि दूरचित्रवाणी

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या दूरचित्रवाणी संचांवरचा वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि मध्यमवर्गीय घरांत अनेक दिवस रेंगाळलेला एक विषय पुन्हा निघाला. आमच्या भिवंडीच्या घरातही तो निघाला. नवऱ्याने आकार काढला, मुलीने वाहिन्यांपेक्षा इंटरनेटवर काय काय दिसेल ते सांगितले, मी किमतीचा हिशेब मांडला. आई आता आमच्याकडेच असते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तिला वर्तमानपत्र वाचायला आणि मेथी निवडायला खिडकीचा उजेड लागतो. आमचे सगळे बोलून झाल्यावर तिने एकच प्रश्न विचारला : "खिडकी उघडी ठेवून दिसेल ना गं?"

हा प्रश्न दुकानदाराला विचारण्याजोगा आहे, तसा तो इतिहासालाही विचारण्याजोगा आहे, असे मला त्यानंतरच्या काही दिवसांत वाटू लागले. मराठी घरात दूरचित्रवाणी आली, तिने काय दाखवले, कोणत्या मालिका गाजल्या, भाषेवर काय परिणाम झाला, याविषयी आपल्याकडे बरेच लिहिले गेले आहे. परंतु ती ज्या खोलीत आली त्या खोलीचे काय झाले, तिच्या खिडक्यांचे आणि तिच्यातल्या उजेडाचे काय झाले, याविषयी फारसे बोलले जात नाही. रेमंड विल्यम्स यांच्या १९७४ च्या ग्रंथानंतर दूरचित्रवाणीकडे तंत्र आणि संस्कृती या दोन्ही अंगांनी पाहण्याची सवय अभ्यासकांना लागली. लिन स्पिगेल यांनी १९९२ च्या आपल्या पुस्तकात दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकी घराने या यंत्रासाठी जागा कशी केली, हे तपशिलाने मांडले. आपल्या घरांचा असा इतिहास लिहायचा तर सुरुवात ओटीपासून करावी लागेल.

ठाणे जिल्ह्यातील जुन्या घराची रचना अनेकांना ठाऊक असेल. अंगणातून पायरी चढली की ओटी. तिथे उजेड, वारा, येणारा-जाणारा, पानाचे तबक, व्यवहाराच्या गोष्टी. त्याच्या आत माजघर. तिथे दिवसाही अंधूक, भिंतीतल्या कोनाड्यात देव्हारा, घरातल्या बायकांचा वावर आणि बाहेरच्या माणसाला मज्जाव. घराच्या या दोन खोल्यांत केवळ भिंत नव्हती. उजेड आणि अंधार यांची ती सामाजिक वाटणी होती. शहरात चाळीची खोली आली, मग सदनिका आली आणि ओटीचा वारसा 'हॉल' नावाच्या खोलीकडे गेला. बैठकीची खोली, दिवाणखाना हे शब्द पुस्तकांत राहिले. बोलण्यात हॉलच रुळला. घरातली सर्वांत मोठी खिडकी किंवा गॅलरी या हॉललाच असे. म्हणजे उजेड ओटीवरून हॉलमध्ये आला. दूरचित्रवाणी संचही याच खोलीत आला.

तो आला तेव्हा मात्र उजेडाशी त्याचे काहीच भांडण नव्हते. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीला सुरू झाले. भिवंडी मुंबईच्या ईशान्येला, खाडीपलीकडे. वरळीच्या मनोऱ्याकडे तोंड करून मंगलोरी कौलांवर ॲल्युमिनियमचे अँटेना उभे राहू लागले. चित्रात मुंग्या आल्या की घरातला एक जण वर, एक जण खिडकीत आणि एक जण संचासमोर, अशी तिघांची साखळी करून दिशा जुळवावी लागे. 'आमची माती आमची माणसं', 'गजरा', 'छायागीत', चि. वि. जोशी यांच्या चिमणराव-गुंड्याभाऊंची मालिका, या पहिल्या दशकातल्या आठवणी ज्यांच्यापाशी आहेत त्यांनी जरा डोळे मिटून पाहावे. त्या सगळ्या आठवणी दिवेलागणीनंतरच्या आहेत. प्रक्षेपण मुख्यतः संध्याकाळचे असे. कसोटी सामन्यासारखे अपवाद सोडले तर दिवसा संच बंद असे. त्याच्या लाकडी पेटीची सरकती दारे ओढून घेतलेली असत, काही घरांत त्यांना कुलूपही असे आणि वर क्रोशाचा रुमाल व फुलदाणी. दिवसा ते एक कपाट होते. खोली कुणाची, हा प्रश्न तेव्हा निर्माणच झाला नव्हता.

उलट त्या काळात खिडकीचे एक वेगळेच काम होते. संपूर्ण चाळीत एखादाच संच असे. घरात जागा मिळेल तितके लोक सतरंजीवर बसत, उरलेले दारात आणि त्यांच्याही मागचे खिडकीच्या गजांना धरून बाहेर उभे राहत. दिवसा खिडकीतून उजेड आत यावा आणि रात्री त्याच खिडकीतून चित्र बाहेर जावे, अशी ही व्यवस्था होती. तिच्यात औदार्य होते असे म्हणून भावुक होण्याचे कारण नाही. उंबऱ्याच्या आत कुणी यावे आणि कुणी खिडकीशीच थांबावे, हे जात, धर्म आणि भाडे यांवरून न बोलता ठरत असे. परंतु खिडकीशी थांबलेल्यालाही दिसत असे, हेही तितकेच खरे.

या व्यवस्थेला पहिला धक्का रंगाने दिला. १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने, रंगीत प्रक्षेपण आले. रंगीत चित्रनलिकेची एक अडचण होती. काचेच्या आतल्या बाजूला लाल, हिरव्या आणि निळ्या स्फुरद्रव्याचे सूक्ष्म ठिपके असत आणि प्रत्येक इलेक्ट्रॉन-शलाका आपापल्याच रंगावर पडावी म्हणून त्यामागे बारीक भोकांचा धातूचा पत्रा बसवलेला असे. शलाकेतला बहुतांश भाग, ढोबळमानाने पाचातला चार भाग, या पत्र्यावरच अडून वाया जाई. त्यामुळे रंग मिळाला तो तेजाच्या मोबदल्यात. कृष्णधवल संच उजेडात जसा निभावून नेई तसे रंगीत संचाला जमत नसे. काळा भाग करडा दिसे आणि रंग विटल्यासारखे दिसत. पुढच्या काळात नलिकांचे तेज वाढले, काचेला करडी छटा देण्यात आली, तरी मूळ दुखणे पुरते गेले नाही.

त्याचे कारण समजून घेणे सोपे आहे, आणि आजही संच निवडताना तेच कामी येते. संच पांढरा रंग दाखवताना प्रकाश टाकतो. काळा दाखवताना मात्र तो फक्त प्रकाश टाकायचे थांबवतो. खोलीतला जो उजेड काचेवर पडून परत फिरतो तो काही त्याला थांबवता येत नाही. म्हणून पडद्यावरचा काळा हा बंद संचाच्या काचेहून अधिक काळा कधीच होऊ शकत नाही. समजा, काचेवर ६०० लक्स उजेड पडतो आहे आणि त्यातला ५ टक्के पसरट परावर्तित होतो आहे. मग 'काळा' भागही सुमारे साडेनऊ निट इतका उजळतो (निट म्हणजे दर चौरस मीटरला एक कँडेला). संचाचे पांढरे तेज १०० निट असेल तर पांढऱ्या-काळ्यातले प्रमाण जेमतेम साडेअकराला एक एवढे उरते. अंधारात तोच संच शेकडो पट फरक दाखवत असतो. उपाय दोनच : संचाचे तेज वाढवा किंवा खोलीतला उजेड कमी करा. पहिला उपाय कारखान्याच्या हाती होता. दुसरा आपल्या हाती होता, आणि तो फुकट होता.

तरीही केवळ रंग आला म्हणून खिडक्या मिटल्या नसत्या. 'हम लोग' १९८४ मध्ये आली तीही रात्रीचीच होती. निर्णायक वर्ष माझ्या मते १९८७ हे आहे. २५ जानेवारी १९८७ रोजी, रविवारी सकाळी साडेनऊला, रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका सुरू झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत सकाळचे प्रक्षेपण सुरू झाले आणि १९८९ च्या जानेवारीत दुपारचे. रविवारी सकाळी काही कार्यक्रम आधीही असत, परंतु सबंध घर, सबंध आळी भर उन्हाच्या वेळी एका पडद्यासमोर बसण्याचा प्रसंग यापूर्वी आला नव्हता. या मालिकेच्या राजकीय परिणामांविषयी पुष्कळ चर्चा झाली आहे. अरविंद राजगोपाल यांचा २००१ चा ग्रंथ त्यासाठी प्रसिद्धच आहे. तिचा घरगुती परिणाम मात्र नोंदायचा राहून गेला : दूरचित्रवाणी दिवसाउजेडी आली, आणि दिवसाउजेडी ती दिसत नव्हती.

मी तेव्हा सात वर्षांची होते. आमचे घर यंत्रमागांच्या एका शेडमागे होते. भिवंडीत माग थांबत नसत. पाळ्या बदलत, खटखट चालू राही. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या विणकरांच्या हातमागांपासून या शहराचा हा व्यवसाय वाढला आणि पुढे यंत्रमागांचे देशातले एक सर्वांत मोठे केंद्र इथे झाले, हे सर्वश्रुत आहे. शेडमध्ये रात्रंदिवस नळीदिवे जळत. सुताची वखवख उडे म्हणून खिडक्या थोड्या, त्याही बहुधा जाळ्यांनी बुजलेल्या. पाळी संपवून बाहेर येणाऱ्या कामगाराला आमच्या खिडकीपाशी थांबायची सवय होती. त्यांतला एक जण, सतराअठरा वर्षांचा मुलगा, केसांत सुताचा कापूस घेऊन गजांना धरून उभा राही. रात्रीची बातमीपत्रे, चित्रहार, जे काही चालू असेल ते पाही. त्याचे नाव मी कधी विचारले नाही. आम्ही त्याला 'खिडकीतला' म्हणत असू.

'रामायण' सुरू झाल्यावर पहिल्या रविवारी चित्र नीट दिसेना. खिडकी पूर्वेला होती आणि ऊन थेट काचेवर पडत होते. दुसऱ्या रविवारी बाबांनी आईला खिडकी लावून घ्यायला सांगितले. आईने ती लावली नाही. १९८४ च्या मे महिन्यातली दंगल मला आठवत नाही. तिला आठवत होती. संचारबंदीत कित्येक दिवस बंद खिडक्यांआड काढल्यावर तिने मनाशी ठरवले होते की दिवसा खिडकी बंद करायची नाही. भिवंडीत १९७० आणि १९८४ या दोन दंगली पाहिलेल्या पिढीला बंद खिडकीचा जो अर्थ कळतो तो इतरांना सांगून कळणार नाही. शेवटी मधला मार्ग निघाला. खिडकी उघडीच ठेवून तिच्यावर सतरंजी टांगण्यात आली. चित्र लख्ख दिसू लागले. खोली भरलेली होती, शेजारच्या आजींनी संचाला हळदकुंकू वाहिले होते. मध्येच मला सतरंजीच्या कडेतून गजांवरची बोटे दिसली. बाबांनाही दिसली. त्यांनी त्याला "आत ये" म्हणून हाक मारली. बोटे गेली. तो आला नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

या प्रसंगातून मोठे काही सिद्ध होते असा माझा दावा नाही. तो मुलगा झोपायला गेला असेल, गावी गेला असेल, दुसऱ्या शेडवर लागला असेल. एवढेच नोंदवते की आम्ही उजेड अडवायला सतरंजी लावली होती, माणूस अडवायला नव्हे. आणि सतरंजीला हा फरक करता येत नव्हता.

शेजाऱ्याचे स्थान बदलत असल्याच्या खुणा अन्यत्रही दिसतात. १९८१ साली ओनिडा ही कंपनी सुरू झाली. पुढे तिचा कारखाना आमच्याच भिवंडी-वाडा रस्त्यावर, कुडूसला उभा राहिला (तो वाडा तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघरमध्ये आहे). हिरव्या अंगाचा, शिंगे आणि शेपूट असलेला सैतान ही तिच्या जाहिरातींची ओळख, आणि शेजाऱ्याला वाटणारा मत्सर हे त्या जाहिरातींचे सूत्र. दहा वर्षांपूर्वी जो शेजारी सतरंजीवर बसून चित्र पाहत होता तो आता बाहेर उभा राहून जळफळावा, हे संच विकण्याचे कारण होऊ शकले. अर्थात संच स्वस्त झाले, हप्त्याने मिळू लागले, शेजाऱ्यानेही आपला घेतला, ही त्याची दुसरी आणि चांगली बाजू. कुणाच्या खिडकीशी उभे राहण्याची गरज उरली नाही.

१९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या, केबलच्या वायरी गॅलरीतून घरात शिरल्या, १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि २००० मध्ये ईटीव्ही मराठी सुरू झाली. प्रक्षेपणाला दिवस-रात्र उरली नाही आणि रविवारची सतरंजी कायमचा पडदा झाली. आपल्या भाषेत खिडकीवरचाही पडदा आणि चित्र दिसते तोही पडदाच, हा योगायोग इथे फार बोलका ठरतो. एक पडदा दिसावा म्हणून दुसरा ओढायचा, ही नव्वदच्या दशकातल्या हॉलची रीत झाली. जाड, गडद पडदे, भिंतभर शोकेस, तिच्या मधोमध संच आणि भर दुपारी लावलेला नळीदिवा. थोडक्यात, ओटीचे माजघर झाले.

परंतु हे वाक्य लिहून थांबणे अन्यायाचे होईल, कारण या माजघरात एक गोष्ट उलटी घडली होती. जुन्या घरात ओटी पुरुषांची होती. पाहुणे आले की बायका आत जात. संच हॉलमध्ये आल्यावर घरातली बाई दुपारी काम आटोपून हॉलमध्ये, पंख्याखाली, सर्वांत मोठ्या खोलीत येऊन बसू लागली. भाजी निवडणे, शेंगा सोलणे, शिवण-टिपण, मुलांचा अभ्यास हे सगळे तिच्यामागोमाग बाहेर आले. दुपारच्या मालिकांची आणि त्यांच्या पुनःप्रक्षेपणांची टिंगल करणे आपल्या वर्गात फार सोपे समजले जाते. त्या मालिकांच्या निमित्ताने घरातली एक वर्षानुवर्षांची सीमा पुसट झाली, हे त्या टिंगलीत ध्यानात येत नाही. अडचण एवढीच झाली, की बाई बाहेरच्या खोलीत आली तेव्हा त्या खोलीतला उजेड गेलेला होता. मेथी निवडायला ती पुन्हा खिडकीचा कोपरा शोधू लागली, आणि पडदा सरकवला की घरातले दुसरे कुणीतरी ओरडू लागले. भारनियमनाच्या वर्षांत वीज गेली की सगळेच पडदे बाजूला होत. तो उजेड कुणी मागून घेतलेला नसे, पण त्या तासाभरात हॉल पुन्हा ओटीसारखा होई. पुढे २००७ साली शहराच्या वीजवितरणाचे काम फ्रँचायझी पद्धतीने टोरेंट पॉवरकडे गेले. मागांसाठी वीज हा जीवनमरणाचा प्रश्न होता. हॉलच्या उजेडाचा विचार त्यात कुणी करण्याचे कारण नव्हते.

सपाट संच आल्यावर हा तंटा मिटेल असे वाटले होते. तसे झाले नाही, आणि त्याचे कारण तंत्रात जितके आहे तितके भिंतीत आहे. जुना संच पाठीमागे हातभर खोल होता, म्हणून तो बहुधा कोपऱ्यात, तिरपा ठेवला जाई. खिडकीचे प्रतिबिंब पडले की पेटी जराशी फिरवता येई. शिवाय त्याची काच फुगीर, त्यामुळे प्रतिबिंब लहान पडे. सपाट संच भिंतीवर गेला. भिंत फिरवता येत नाही. आपल्या सदनिकांत लांब मोकळी भिंत पुष्कळदा गॅलरीच्या बरोबर समोर असते आणि काच सपाट असल्याने अख्खी गॅलरी, वाळत घातलेल्या कपड्यांसह, तिच्यात उतरते. सुरुवातीच्या पुष्कळ एलसीडी संचांचा पृष्ठभाग निष्प्रभ, खरखरीत असे. प्लाझ्माची काच चकचकीत होती. पुढे दुकानात उठून दिसावे म्हणून चकचकीतपणा सर्वत्र पसरला. प्लाझ्मा संच अंधाऱ्या खोलीत सुंदर दिसत, उजेडात त्यांची पंचाईत होई. २०१४ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी त्यांचे उत्पादन थांबवले. त्या निवडीत अनेक कारणे होती, परंतु खोल्यांतला उजेड हे त्यांतले एक होते.

आता आईच्या प्रश्नाकडे येते. वरच्या इतिहासातून निवडीचे जे निकष निघतात ते असे आहेत.

पहिला निकष भिंतीचा, आणि तो पैशांवाचून पाळता येतो. खिडकी संचासमोर नको, कारण ती काचेत उतरते. संचामागेही नको, कारण मग डोळे दिपतात. खिडकीला काटकोनात असलेली भिंत उत्तम. ती मोकळी नसेल तर कपाट हलवावे. नाहीच जमले तर फिरणारा कंस घ्यावा, म्हणजे जुन्या पेटीचा हरवलेला गुण थोडा परत मिळतो.

दुसरा निकष पृष्ठभागाचा. दुकानात आपण चालू संच पाहतो. बंद संच पाहायला हवा. त्याच्या काळ्या काचेत दुकानातला नळीदिवा रेखीव दिसतो की धुरकट डाग होऊन पसरतो, यावरून घरी काय होणार ते कळते. दुकानांना बहुधा खिडक्या नसतात आणि तिथले संच भडक रंगांवर लावून ठेवलेले असतात. त्या स्पर्धेत जिंकलेला संच घरच्या उन्हात जिंकेलच असे नाही.

तिसरा निकष तेजाचा. साधे एलईडी संच साधारण २५० ते ३५० निट तेज देतात. भरउजेडाच्या खोलीत याहून अधिक असावे. पडद्यामागे शेकडो बारीक दिव्यांचे स्वतंत्र गट असलेले, मिनी-एलईडी म्हणून ओळखले जाणारे संच हजार निटच्या पलीकडे जातात. ओएलईडी संच २०१३ पासून बाजारात आहेत. त्यांचा काळा रंग अप्रतिम, कारण तिथे प्रत्येक बिंदू स्वतःच विझतो. परंतु वर सांगितलेला नियम त्यांनाही लागू आहे. उजेडातला काळा काचच ठरवते, म्हणून दिवसा त्यांचा मुख्य गुण झाकला जातो. शिवाय ज्या घरात वृत्तवाहिनीची पट्टी आणि बोधचिन्ह दिवसभर एकाच जागी असते, तिथे त्या आकृतीचा डाग उमटून राहण्याचा धोकाही त्यांत असतो.

चौथा निकष बसण्याचा. आपल्या हॉलमध्ये सगळे समोर बसत नाहीत. आजी खिडकीशी, मुलगी जमिनीवर, पाहुणे कडेला. 'व्हीए' प्रकारच्या पटलाचा काळा गडद, पण बाजूने पाहिले की रंग फिके. 'आयपीएस' प्रकारचा काळा किंचित करडा, पण बाजूनेही रंग टिकतात. अंधारात पहिला श्रेष्ठ. उजेडात काळा तसाही करडाच होणार असेल, तर कडेला बसलेल्याचा विचार करणारा दुसरा घ्यावा, हे मला पटले. आकाराचे गणितही फार कठीण नाही. कर्णाच्या साधारण दीड पट अंतर सोयीचे धरतात. आमच्या सोफ्यापासून भिंत आठ फुटांवर आहे. म्हणजे ५५ इंच पुरेसा. त्याची रुंदी १२२ सेंटिमीटर भरते. ६५ इंचांचा संच त्याच भिंतीवर बसला असता, पण कपाट तिथून निघाले नसते. मुलगी थोडी नाराज झाली.

गंमत अशी, की हा संच फार लांबून आला नाही. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर म्हणून काल्हेर, राहनाळ, दापोडे, माणकोली या भागांत पूर्वी गोदामे वाढली. आता ऑनलाइन खरेदीच्या मोठ्या कंपन्यांची कोठारे याच तालुक्यात आहेत. मुंबई-ठाण्याच्या हॉलमध्ये लागणाऱ्या पुष्कळ संचांचा मुक्काम आधी भिवंडीत झालेला असतो, पत्र्याच्या उंच, खिडक्या नसलेल्या कोठारांत. ज्या मुलांचे बाप मागावर होते त्यांतली काही आता तिथे खोकी उचलतात. शहराचे काम बदलले. नळीदिव्यांच्या जागी एलईडी आले. खिडक्या मात्र तेव्हाच्या शेडमध्ये थोड्या होत्या आणि आताच्या कोठारांत नाहीतच.

५५ इंचांचा, निष्प्रभ पृष्ठभागाचा, आयपीएस पटलाचा संच आम्ही काटकोनातल्या भिंतीवर लावला. तो दुकानातला सर्वांत सुंदर संच नव्हता. रात्री दिवे मालवून पाहिले तर त्याचा काळा रंग करडा वाटतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु घर चित्रासाठी बदलायचे की चित्र घरासाठी निवडायचे, या प्रश्नाचे उत्तर आम्ही जवळजवळ चाळीस वर्षे एकाच बाजूने देत आलो होतो; निदान एकदा ते दुसऱ्या बाजूने देऊन पाहिले.

रविवारी सकाळी साडेनऊला आईने मेथीची जुडी घेतली आणि ती खिडकीशी बसली. पडदा पूर्ण बाजूला होता. संचावर बातम्या चालल्या होत्या, अक्षरे स्वच्छ दिसत होती. आमचे घर आता चौथ्या मजल्यावर आहे. गजांशी कुणी उभे राहण्याचा प्रश्न नाही. आईने मध्येच मान वळवून बाहेर पाहिले. काय पाहिलेस, असे मी विचारले नाही.